पिवळं आधी काढा

“टोनी, स्टॉप!” मास्कमधून मी एवढ्या जोरात ओरडले की क्रेनवाल्यानेही वाकून पाहिलं.

टोनीने पेटवलेला गॅसकटर बाजूला केला. त्याच्या डोक्यावर चाळीस टनांचा डेक होता आणि समोर एक पिवळा खांब. तोच तो कापणार होता, माझ्याच प्लॅनप्रमाणे.

आमच्या मेलबर्नच्या यार्डात एका छोट्या देशासाठी युद्धनौका बांधली जात होती. त्या देशाने शेजाऱ्याशी शस्त्रकपातीचा करार केला आणि अर्धी झालेली नौका मोडायचं ठरलं. मी स्ट्रक्चरल इंजिनियर. बांधायचा प्लॅन माझा होता, त्यामुळे मोडायचाही माझ्याकडेच आला. जिवावर आलं होतं, पण केला. लॉकडाऊन होता, म्हणून घरी डायनिंग टेबलावर बसून. पहिलीच ओळ होती : पिवळं आधी काढा.

जहाज बांधताना डेकला तात्पुरते टेकू देतात आणि ते पिवळे रंगवतात. आतल्या पोलादी भिंती बसल्या की टेकू काढायचे. वीस वर्षं प्रत्येक जहाज ताब्यात देण्याआधी मी हेच सांगत आले होते. सवयीने हात लिहून गेला. ड्रॉइंगमध्ये भिंत होतीच की! जहाजात मात्र ती अजून बसलीच नव्हती. सगळा भार पिवळ्या खांबांवर होता. आज यार्डात येऊन ते पाहिलं आणि मी ओरडले.

बॉस ग्रेग घरून व्हिडिओवर होता. “वैशाली, काय अडलंय? अकराला दोन्ही देशांचे ऑब्झर्व्हर ऑनलाइन येतायत. आज पहिला कट दिसला नाही, तर करार मोडला म्हणून बोंब मारतील!”

झाकली मूठ ठेवायची ही वेळ नव्हती. “प्लॅन चुकलाय. मी चुकलेय. हा खांब कापला तर डेक टोनीवर येईल.”

“मग त्यांना दाखवू काय?”

“जहाजाचं पुढचं टोक. त्याच्यावर कशाचाच भार नाही.”

क्रेनने टोक धरलं, टोनीने कापलं. ऑब्झर्व्हर खूश झाले. पुढचे दोन दिवस मी जहाजातच उभी राहून नवा प्लॅन केला. डेक आधी, पिवळं शेवटी.

मोडणीच्या शेवटच्या दिवशी तिथे फक्त पिवळे खांब उरले होते.

“हे मीच वेल्ड केले होते,” टोनी म्हणाला. “भिंत नाही हे मला माहीत होतं.”

“अरे, मग कापायला कसा निघालास?”

“प्लॅनवर तुझी सही होती ना, मेट.”

तेव्हापासून मी सही करण्याआधी वेल्डरला फोन करते.