शेवंतीची खोली

फौजेत होतो म्हटलं की लोक विचारतात, किती गोळ्या झेलल्या? मी सांगतो, मी डास मारले. लोक हसतात. हसू द्या. अंगात मुरलेला मलेरिया ज्यांनी पाहिला नाही, त्यांना हसायला काय जातं!

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी नाईक होतो आणि माझं पोस्टिंग हायजीन सेक्शनला झालं होतं. छावणी चिंचवड आणि देहू यांच्या मधल्या माळावर. पिंपरीच्या बाजूला तेव्हा कारखान्यांचे पाये खणायला सुरुवात झाली होती, बाकी सगळीकडे ज्वारी-बाजरी. खणलेल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचे आणि तिथले डास थेट आमच्या बराकीत मुक्कामाला येत.

आमचं काम साधं. सकाळी फॉल-इन. मग पंप पाठीला लावून बराकी, कूकहाउस, संडास. डबक्यांवर तेल, भिंतींना डीडीटी. पण भिंतीवरचं औषध डास भिंतीवर बसेल तेव्हाच मारतं. उडता डास जागच्या जागी पाडायचा तर फुलांचा अर्क लागे. ती फुलं म्हणजे पायरेथ्रम. दिसायला पांढऱ्या शेवंतीसारखी, मधोमध पिवळी. काश्मीरकडून वाळवून गोण्यांतून येत. ती कुटायची, रॉकेलमध्ये भिजत घालायची, गाळायची आणि फवारायची. डास टपाटप पडत, माणसाला काही होत नसे. सेक्शनमध्ये पायरेथ्रम कोणी म्हणत नव्हतं. सगळे शेवंतीच म्हणत.

कुटताना बारीक भुकटी मात्र नाकात जाई. शिंका येत, डोकं जड होई. नव्या माणसाने कपाळाला हात लावला की जुने विचारत, "चढली का शेवंती?" जो बाहेर जाऊन बसे त्याला आठवडाभर नवरीबाई म्हणत. फौजेत माणूस फटिग ड्यूटी हसत करील, पण चेष्टेला भितो. त्यामुळे आमच्या सेक्शनमध्ये डोकं दुखतंय असं कोणी सांगत नसे.

लान्सनायक ज्ञानू वयाने माझ्या बरोबरीचा. मावळातला, हाडापेराने मोठा, बोलायला कंजूष. पिंपळे गुरव ही त्याची सासरवाडी. बायको बाळंतपणाला तिथेच होती आणि नुकतीच मुलगी झाली होती. रविवारी बारसं ठरलं होतं. छावणीतून सायकलने तासाभराचा रस्ता. त्याने सायकल आधीच तेलपाणी करून ठेवली होती. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता, म्हणजे जेवताना दोन वाक्यं जास्त बोलायचा.

भाद्रपदात तापाने छावणी धरली. बी कंपनी जवळजवळ निम्मी आडवी झाली. त्यातले दोघे भ्रमात बडबडत होते आणि त्यांचं खरं नव्हतं. अर्क संपला होता. नव्या गोण्या चिंचवड स्टेशनला आल्या त्या मालगाडीच्या वाघिणीत भिजूनच. ओली फुलं कुजतात, कुजलेल्या फुलाचा अर्क होत नाही. डॉक्टर कॅप्टन साहेबांचा हुकूम आला: फुलं लगेच वाळवा, पण उन्हात टाकू नका, उन्हाने त्यांची ताकद जाते. ऊन नव्हतंच म्हणा, झड लागलेली. हुकूम बरोबर होता. त्यात कोळशाचं नावही नव्हतं.

कोळसा जमादार साहेबांच्या डोक्यातून निघाला. सेक्शनचे जमादार साताऱ्याकडचे, जुन्या लढाईतले, कामाला वाघ. माळाच्या कडेला एक दगडी खोली होती, तिच्यात जमिनीवर पोती अंथरून फुलं पसरली. मध्ये लोखंडी शेगड्या पेटवल्या. बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून खिडक्यांवर ताडपत्री ठोकली. ज्ञानू आणि शिपाई बाबू, रत्नागिरीकडचा नवा पोरगा, यांना फुलं परतायला लावलं.

शुक्रवारी संध्याकाळी ज्ञानू जमादारांपुढे उभा राहिला.

"साहेब, रविवारचा आउट-पास पायजे."

"गोण्या वाळल्या?"

"न्हाई, साहेब."

"वाळव. मग जा."

"व्हय, साहेब."

त्यात जमादारांचा दुष्टपणा नव्हता. बी कंपनीत माणसं मरायला टेकली होती. तरीही तो पास तेव्हाच दिला असता तर, हा विचार मी आयुष्यभर केला आहे.

शनिवारी सकाळी मला ट्रक घेऊन उरलेल्या गोण्या आणायला चिंचवडला पाठवलं. स्टेशनवर कागदपत्रांत वेळ गेला. परत आलो तेव्हा लंगरात दुपारचं जेवण आटोपत आलं होतं. लंगरी ज्ञानूची थाळी झाकून वाट बघत होता. बाबू तंबूत पालथा पडलेला, उशाशी ओकलेला.

"ज्ञानू कुठाय?"

"आत. म्हनला, शेवटची पसरतो नि येतो."

"कधी म्हणाला?"

"मगाशी. माजं डोकं फुटत होतं, पाय लटपटत होते. जमादार साहेब म्हनले, चढली ह्याला. ज्ञानूचंबी दुखत होतं. तो सांगायचा नाय. पास हुकंल म्हनून."

मी पळालो. दार आतून ओढून घेतलेलं होतं, ऊब जाऊ नये म्हणून. लाथ मारली. आत धूर नव्हता, काही वास नव्हता, नुसती ऊब आणि फुलं. ज्ञानू फुलांवर तोंडघशी पडला होता, हातात परतायची फळी. त्याला उताणा केला तर गाल लाल, ओठ लाल, झोपलेल्या लेकरासारखा. मला वाटलं, रंग चांगला आहे, वाचला. मी आणि मागून धावत आलेल्या जमादारांनी त्याला ओढून बाहेर पावसात आणला. मी छावणीच्या दवाखान्याला लावायला फील्ड टेलिफोनचं हँडल फिरवलं.

"हॅलो, एमआय रूम? हायजीन सेक्शन से नाईक बोल रहा हूँ. एक आदमी बेहोश. साँस का पता नहीं."

"क्या हुआ?"

"फूल के कमरे में था."

"डॉक्टर साब निकल रहे हैं. साँस देते रहो. छोड़ना नहीं."

सोडलं नाही. शिकवलं होतं तसं पालथा घालून पाठ दाबत राहिलो. दाब, सोड. दाब, सोड. जमादार साहेब शेजारी गुडघ्यावर बसून मोजत होते आणि मध्येच त्याचं नाव घेत होते. मी थकलो की ते बसत, ते थकले की मी. जीप आली. कॅप्टन साहेबांनी नाडी बघितली, पापणी वर करून टॉर्च मारला, मग ओठांकडे बघत राहिले.

"ये रंग कोयले का है," ते म्हणाले. "खिड़की किसने बंद करवाई?"

"मैंने, साहब," जमादार म्हणाले. "पर ये तो फूल का नशा है. सबको होता है."

"फूल से आदमी नहीं मरता, जमादार साहब."

जमादारांनी टोपी काढली. त्यावरून मला कळलं की आमची मेहनत केव्हाच वाया गेली होती.

कोळशाची विषारी हवा दिसत नाही, हुंगता येत नाही. डोकं दुखतं, पाय जातात, झोप येते. आमच्याकडे त्या डोकेदुखीला नाव तयार होतं आणि त्या नावावर हसायची रीतही तयार होती. शेवंती नसती तर गावाकडची कोणतीही म्हातारी म्हणाली असती, अरे, शेगडी बाहेर काढा. मला त्या हसण्याचा राग येतो. आजही येतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. जमादारांनी सगळं कबूल केलं, एक अक्षर लपवलं नाही. पुढे त्यांना मी कधी शेगडीजवळ बसलेलं पाहिलं नाही, कितीही थंडी असो.

ज्ञानू गेला त्याच दिवशी जमादार आणि मी पिंपळे गुरवला निघालो. कॅप्टन साहेब म्हणाले होते, मी जातो. जमादार म्हणाले, माझा माणूस आहे, मीच सांगणार. घरासमोर मांडव घालायचं काम चाललं होतं. ओटीवर बायका पाळण्याला झालर शिवत होत्या. ज्ञानूची बहीण मावळातून आदल्या दिवशीच आली होती. तिने आमच्या मागे रस्त्यावर बघितलं, मग आमच्या तोंडाकडे.

"दादा न्हाई आला?"

जमादारांनी सांगितलं. पुढचं मी लिहीत नाही.

सोमवारी फुलं कुटायला घेतली. कोणीतरी म्हणालं, ज्या फुलांवर तो पडला ती फेकून देऊ. कॅप्टन साहेब नाही म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. आम्ही दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून सगळी कुटली, भिजवली, फवारली. भ्रमातला एक शिपाई गेला, दुसरा उठला. नवे ताप येणं हळूहळू थांबलं. बी कंपनी पुन्हा परेडला उभी राहिली तेव्हा त्यांना हे काही माहीत नव्हतं.

तेरावं झाल्यावर बारसं झालं. सेक्शनमधले आम्ही चौघे गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला त्यांनी जवळ बोलावलं.

"त्यांनी नाव ठरवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं न्हाई. म्हनले, बारशालाच ऐक. तुमाला काय बोलले व्हते का?"

मी बाबूकडे बघितलं, बाबूने जमादारांकडे. इतकी वर्षं एका पंगतीत जेवलो, पण तो बोलायला कंजूष.

"न्हाई, वहिनी."

आत्याने पोरगी मांडीवर घेतली. कानाशी तोंड नेलं आणि थांबली. आमच्या चौघांकडे एकेक करून बघितलं, कोणाला तरी आठवेल म्हणून. मग तिने आपल्या मनाने एक नाव ठेवलं.

आमच्या सेंटरच्या स्मारकावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. ज्ञानू लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव तिथे नाही. नियम आहे, माझी तक्रार नाही. दरवर्षी परेडला नावं वाचून झाली की मी मनात एक नाव वाढवतो. लान्सनायक ज्ञानू, हायजीन सेक्शन. लेकीचं नाव ठरवलं होतं. ड्यूटीवर गेला.