मी नगण्य म्हटलेली वीज

चिपच्या आत आकडे वाहून नेणाऱ्या तारांच्या जुडग्याला आमच्या धंद्यात बस म्हणतात. त्या बसची वीज वाचवणं हे माझं काम. ते मी कळंबला घरी बसून करतो, त्यामुळं गावाला मी नोकरी सुटलेला वाटतो.

मागं बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं. मी त्यासाठी नवा शर्ट घेतला. तारेवर शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला की वीज जाते; तार होती तशी राहिली तर जवळपास जात नाही. म्हणून प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याशी ताडून बघायचा. निम्म्याहून जास्त तारा बदलणार असतील तर तो उलटा करून, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य घालून, पाठवायचा, आणि उलटा केलाय हे सांगायला एक जादा तार ठेवायची. ही युक्ती मी अशा थाटात सांगितली, की जणू मीच शोधली होती.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, पण ते ताडून बघणारं सर्किट बिनविजेचं चालतंय का?"

"नगण्य," मी म्हणालो आणि असा हसलो, की सगळा वर्ग हसला. ती खाली बसली.

दोन आठवड्यांनी ही युक्ती घातलेल्या आमच्या चिपच्या आराखड्यावर खरी माहिती चालवून मोजमाप घेतलं. वीज आधीपेक्षा जास्तच जात होती. दोन दिवस मी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी एकेक भाग सुटा करून पाहिला. बस आखूड होती, तिच्या तारा मुळात फारशा बदलतच नव्हत्या, आणि माझं नगण्य सर्किट मात्र चिपच्या घड्याळाच्या दर ठोक्याला इमानदारीत ताडत बसलं होतं.

जेवताना वडिलांना सांगितलं. ते वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते.

"त्या पोरीला सांगितलंस का?"

"साहेबांना सांगितलं, आबा."

"सायबाला कळणारच हाय. पोरीला कोण सांगणार?"

मग पुन्हा बारामतीला गेलो. वर्गापुढं उभं राहून चूक कबूल केली. ती खूश होईल असं वाटलं होतं. तिनं नुसतं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग लांब बसवर तरी फायदा होतो का?"

मी 'होतो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "मोजलेलं नाही."

"मग मोजू की."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही एक साधा नमुना उभा केला. त्यात तारेची लांबी मी चुकीची भरली. ती चूकही तिनंच दाखवली. लांब बसवर वीज वाचली, मी व्याख्यानात सांगितली होती त्याहून बरीच कमी, पण वाचली.

नंतर आमच्या चिपमधल्या आखूड बसवरून मी युक्ती काढून टाकली आणि फक्त लांब बसवर ठेवली. अहवालात तिचं नाव माझ्या नावाआधी घातलं. साहेबांनी विचारलं, ही आपल्याकडं कधी रुजू झाली? ती अजून तिसऱ्या वर्षाला आहे, असं म्हटल्यावर त्यांनी अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.