चुराकाकी आणि मी आणलेली बरणी

काकींचा राग चेहऱ्यावर दिसत नसे, झाऱ्यात दिसे. चेहरा तसाच, कपाळावर घाम, नजर कढईत. पण झारा कढईच्या कडेवर एकदा आपटला तर समजायचं की रांगेत कुणीतरी मध्येच घुसलंय, आणि दोनदा आपटला तर कुणीतरी मूर्खपणा केलाय. तीनदा आपटलेला मी एकदाच ऐकला. तो माझ्यासाठी होता.

मांडव्याच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडापावचं ते दुकान आहे. बसायला जागा नाही. गल्ल्यावर मालकाला पैसे द्यायचे, टोकन घ्यायचं, ते काकींपुढे ठेवायचं, वडापाव उचलायचा आणि बोट सुटायच्या आत उभ्याने खायचा. मी मुंबईत फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. आठ वर्षं सकाळची बोट पकडली आणि आठ वर्षं माझी न्याहारी काकींच्या हातची. वडे तळताना बेसनाचे जे थेंब कढईत सुटतात त्यांचा कुरकुरीत चुरा काकी परातीत वेगळा काढून ठेवायच्या आणि वडापाव कागदात ठेवला की वर मूठभर टाकायच्या. मागायच्या आधी. मागितला तर द्यायच्या नाहीत. म्हणून आम्ही रोजचे बोटवाले त्यांना चुराकाकी म्हणायचो. खरं नाव मला काकी दुकान सोडून गेल्यावर कळलं, यावरून आमच्या आपुलकीची खोली लक्षात यावी.

पहिल्याच महिन्यात मी शहाणपणा केला. वडा आवडला, म्हणून टोकनाबरोबर दहाचं नाणं ठेवलं आणि उदार चेहरा करून उभा राहिलो. काकींनी ते नाणं चिमट्यात धरून माझ्या पावावर ठेवलं, वड्याच्या शेजारी. "भाऊ, ताट वाढलं का मी तुला? वडा तू उचललास, उभ्यानं खानार तू, कागद टाकनार तू. मंग बक्षीस माझं का तुझं?" रांग हसली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? मग त्यांनी चुरा टाकला आणि आपला कायदा सांगितला. "वरचं द्यायचं ते हिकडून तिकडं. तिकडून हिकडं फक्त टोकन."

त्या कायद्याला पोटकलमंही होती. ज्याची बोट डोळ्यांदेखत सुटली त्याला दोन मुठी, कारण आता त्याला सावकाश खायला वेळ आहे. फोनवर बायकोशी वरच्या आवाजात बोलणाऱ्याला काहीच नाही. दोन मुठींच्या लोभाने मी एकदा चपलेचा अंगठा तुटल्याचं नाटक करून मुद्दाम बोट चुकवली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आलो. झारा दोनदा वाजला. चुरा नाही मिळाला, कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा मात्र लागली.

काकींचं घर अलिबागच्या रस्त्याला, आत गावात. चक्रीवादळात त्यांच्या पडवीचे पत्रे उडाले, ते नारळाच्या वाडीपलीकडे सापडले, कागदासारखे चुरगळलेले. तेव्हापासून पडवीवर निळी ताडपत्री होती आणि पावसाळ्यात काकी घरी गेल्यावर आधी पडवीतलं पाणी काढायच्या, मग चूल पेटवायच्या. मालक दर गणपतीला पगार थोडा वाढवायचा. त्या वर्षीची वाढ मात्र चांगली घसघशीत मिळणार, असं त्याने होळीलाच कबूल केलं होतं, आणि त्यावर पडवी होणार होती. काकींनी ते सगळ्या रांगेला सांगितलं होतं. पत्रा कोणता, निळा की लाल, यावर आमच्यात मतं पडली होती. मी लाल म्हणालो होतो.

आणि इथे मी, म्हणजे जगाचं भलं करायला निघालेला कारकून, पुन्हा पुढे सरसावलो.

फोर्टात आमच्या कचेरीखाली एक कॉफीचं दुकान निघालं होतं. तिथे पैसे आधी द्यायचे, कप आपण उचलायचा, साखर आपण घालायची, कप आपणच टाकायचा. आणि गल्ल्यावरच्या पोरापुढे एक काचेची बरणी, तिच्यावर हसरा चेहरा काढलेला. मागे उभ्या असलेल्या तरुण मुली बघतायत म्हणून मी तिच्यात वीस रुपये टाकले आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिलो. बोटीत परतताना वाटलं, त्या अनोळखी पोराला देतो मी, मग आमच्या काकींना का नाही? हातात दिलं तर परत पावावर येईल. बरणीत पडलं तर कुणाचं ते कळणार नाही. घरून बायकोची लोणच्याची रिकामी बरणी उचलली, तिच्यावर माझ्या वळणदार अक्षरात 'काकींसाठी, प्रेमाने' असं लिहून चिकटवलं आणि काकी पीठ कालवायला आत गेल्याचं बघून थेट मालकाच्या हातात दिली. मालकाचा चेहरा उजळला. तो का उजळला हे कळायला मला दोन महिने लागले.

काकींनी बरणीकडे पाहिलं, अक्षर ओळखलं आणि एवढंच म्हणाल्या की लोणच्याचा वास अजून येतोय. हात मात्र कधी लावला नाही. संध्याकाळी मालकच ती रिकामी करायचा. शनिवार-रविवारी गाडी बोटीवर चढवून आलेली मंडळी तिच्यात नोटा टाकायची, टाकताना फोटो काढायची. एकाने पन्नासची नोट टाकली आणि रांगेच्या डोक्यावरून ओरडून सांगितलं, टाकलेत हं काकी, आता आधी आमचे चार, आणि चुरा जरा सढळ. काकींनी बरणीतून ती नोट चिमट्याने उचलली, त्याच्यासमोर ठेवली आणि लाइनीत यायला सांगितलं. मालक गल्ल्यावरून उठून त्या माणसाची माफी मागायला गेला. त्या दिवसापासून काकींनी एक नवीन कलम घातलं. बरणीत टाकणाऱ्याला चुरा बंद. आम्ही हसलो. त्या हसत नव्हत्या, हे कुणी पाहिलं नाही.

गणपतीच्या चार दिवस आधी टोकन ठेवलं तेव्हा झारा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. मागचा माणूस एक पाऊल मागे सरला.

"मालक म्हनला, औंदा वाढ न्हाय. बरनी हाय ना तुला." काकी माझ्याकडे न बघता वडे उलटत होत्या. "एका मानसाकडं हक्कानं मागत होते मी. तुम्ही मला सगळ्या रांगेपुढं हात पसरायला लावलंत, सायेब."

आठ वर्षं मी भाऊ होतो आणि तू होतो. एका वाक्यात साहेब झालो. माझा हेतू चांगला होता, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"हेतू कढईत सोडा, तळून येतो का बघा."

मी तिरीमिरीत गल्ल्यावर गेलो. बोट गेली तरी चालेल, पण आज याला सोडायचा नाही, असं ठरवून. म्हणालो की होळीला शब्द दिला होतात, लोक खुशीने टाकतात तो पगार होतो का, उद्या लोकांनी टाकलं नाही तर ही बाई काय खाणार? मालक शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अहो, तुम्हीच तर आणलीत ना बरणी? कल्पना फार छान होती तुमची." आणि माझ्यासाठी चहा मागवला. मालकाच्या खर्चाने, साखर जास्त. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी तो चहा प्यालो. भांडणात घसा सुकला होता आणि चहा समोर होता. पुढे कितीतरी दिवस आरशासमोर दाढी करताना मी त्या मालकाला सडेतोड उत्तरं दिली आहेत. त्या क्षणी मात्र कप बशीत ठेवून मी 'येतो' म्हणालो.

काकींनी काम सोडायचं ठरवलं, पण सणाच्या गर्दीत दुकान अडवलं नाही. विसर्जन झालं, त्यानंतरच्या शनिवारी त्या शेवटचं कामावर आल्या. रांगेत सगळ्यांना दोन-दोन मुठी चुरा मिळाला, बोट चुकलेली नसतानाही. माझी पाळी आली. वडा, पाव, चटणी, कागदाची घडी. परातीत चुरा होता. मला दिसत होता. त्यांनी घडी माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाचं टोकन उचललं. मी बोटीच्या कठड्याला टेकून तो वडापाव खाल्ला. कोरडा लागला.

बरणी आता गेली आहे. तिच्या जागी त्या दुकानात बोटाने दाबायचा काचेचा पडदा बसवलाय. पैसे भरायच्या आधी तो विचारतो, किती बक्षीस द्याल? तीन मोठी चौकोनी बटणं रकमांची आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'नको'. कढईमागे रोज नवीन माणूस असतो. मी 'नको' दाबतो आणि मालकाला सगळ्यांदेखत विचारतो की या माणसाचा पगार किती वाढवलात? तो सुटे मोजत राहतो. मागचे लोक मला कंजूष म्हणतात, परवा एकाने तर माझ्या वतीने वीस रुपये दाबून मला माफ केलं. म्हणोत. माझी दया किती महाग पडते आणि कुणाला पडते, हे मी एकदा पाहिलंय. ज्याने पगार द्यायचा तो माझ्या खिशाकडे बोट दाखवून मोकळा होतो, आणि वर मलाच भला माणूस वाटायला लावतो. याचा मला संताप येतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरचा आहे.

काकी आता घरीच, स्वतःच्या पडवीत वडे काढतात. तीन वर्षं झाली. पडवीवर लाल पत्रे आहेत. ते त्यांनी स्वतःच्या वड्यांच्या कमाईवर घातले. मी दर रविवारी बायकोला घेऊन तिथे जातो. बायकोला मूठभर चुरा मिळतो, मला नाही. बायको मला तिच्यातला एक दाणाही देत नाही; म्हणते, बरणी माझी होती. मी मोजून सुटे देतो, वडापाव घेतो आणि जरा रेंगाळतो, काही विसरल्यासारखं करून.

गेल्या रविवारी काकींचा हात परातीकडे गेला. बोटांत चुरा घेतलासुद्धा. मी कागद उघडून पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि चुरा परत परातीत सोडला.

"अजून न्हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "फुडल्या रविवारी ये."