वुई हॅव टर्न्ड द कॉर्नर

किर्यात गातच्या बस स्टँडसमोरचं माझं दुकान मालकानं काढून घेतलं आणि स्वतःच्या जावयाला दिलं, चपला विकायला. उंदीर नांदत होते त्या जागेत, तेव्हा मी घेतली होती. झाडली, रंगवली, पोहे-खोबऱ्याची, मसाल्यांची केली. त्या दुकानासमोरून मी अजूनही जात नाही, हे आधीच सांगते. मला मिळाली मागच्या गल्लीतली खोली. जुनी गिऱ्हाइकं तिथवर येतील का, एवढाच प्रश्न होता. नाही आली तर पुन्हा कारखान्यात फिरत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं.

माझी नणंद तेल अविवला ऑफिसात होती. ती रोज फोनवर इंग्रजीतून धीर द्यायची. आधी म्हणाली, यू विल बाऊन्स बॅक. मी भडकले. धंद्यात बाऊन्स होतो तो चेक. म्हटलं, जरा शुभ बोल. मग म्हणाली, यू विल बी बॅक ऑन युवर फीट. मी सकाळपासून उभीच होते, तेच तर दुखणं होतं. मग एकदा म्हणाली, "वहिनी, यू विल टर्न द कॉर्नर."

याचा अर्थ विचारला. वाईट दिवस मागे पडतील, असा म्हणे.

"अगं, हा तर माझ्या नव्या दुकानाचा पत्ता आहे," मी म्हटलं.

मालकानं बजावलं होतं, जुन्या काचेवर नवा पत्ता नाही, बाण नाही, हिब्रूत एक अक्षर नाही. मी खूप भांडले. शेवटी माल मांडायच्या माझ्या फळ्या त्याला फुकट सोडल्या आणि इंग्रजीत निरोपाची एक ओळ मिळवली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यानं जावयाला वाचायला लावलं. जावई म्हणाला, बाई म्हणते तिचे वाईट दिवस संपले. दोघंही पोट धरून हसले. मी खाली मान घालून पाटी चिकटवली.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे मुंबईत शाळा शिकून इकडे आलेल्या आमच्या म्हाताऱ्या. त्या इंग्रजी वाचतात ती शब्दाला शब्द लावून. सगळी भिस्त त्यांच्यावर. दोन दिवस माशीसुद्धा फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी काठी आपटत एक मावशी आल्या. त्यांना मलिद्याला, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाला, पोहे हवे होते.

"कॉर्नर वळलीस ते वाचलं. पण डावा का उजवा ते कोण लिहिणार? मी उजवा वळले आणि न्हाव्याकडे पोहे मागितले. तो म्हणतो, बसा, कापतो."

एवढ्या पायपिटीबद्दल त्यांना भावात सूट हवी होती.

"न्हाव्याकडे गेलात तुम्ही, मावशी. सूट त्याच्याकडून घ्या."

"त्यानं निदान बसा तरी म्हटलं."

मी स्टूल पुढे केलं आणि पोहे मापायला घेतले. तेवढ्यात दारात आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या, धापा टाकत, कपाळाला आठ्या घालून. त्याही न्हाव्याकडूनच आल्या होत्या.