दादाच्या मुठीतला कापूस

२०१४, नोव्हेंबरातला सोमवार. यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात दुसऱ्या एमआरआयचे साडेसहा हजार मी रोख भरले. तिथे आम्ही तिघंच – मी, सुमनवहिनी आणि मशीनवरचा टेक्निशियन. मी देवळातल्या देणगीचीही पावती मागणारा माणूस. त्या दिवशी जे पाहिलं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता...

माझा थोरला भाऊ, दादा, नेरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होता. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागे सरळ करायचा आणि लांबी सांगायचा. आदल्या बुधवारी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, शुद्ध हरपली. मेंदूला सूज. पाच दिवस औषधं दिली. सूज उतरली का, हे या तपासणीत मोजायचं होतं. उतरली नसेल, तर कवटी उघडायची की नाही ते ठरवायचं.

धातू चालत नाही म्हणून वहिनींनी चांदीचा करदोटा काढला. कपडे बदलले, कानांत बोळे घातले, हात पट्ट्याने बांधले. मूठ रिकामी होती, मी पाहिली.

दादाला मशीनमधून बाहेर आणलं तेव्हा उजवी मूठ मिटलेली. वहिनींनी उघडली – आत कापूस. ओढून सरळ केलेला, टोकं जुळवलेली. कानातले बोळे जागेवरच होते, पांढरेशुभ्र. हा पिवळसर, सरकीचा चुरा चिकटलेला.

"भाऊजी, हात हलला. मी सांगून राह्यली ना, हलला."

टेक्निशियन पट्टा सोडवत म्हणाला, "ताई, ते एवढं हलले असते तर फोटो पुसट आले असते. एकही पुसट नाही."

डॉक्टरांनी आकडे दाखवले. सूज वाढली होती, मेंदू मधल्या रेषेपासून अकरा मिलिमीटर सरकला होता. ऑपरेशनने फार फरक पडेल असं वाटत नाही, म्हणाले. आकडे मला कळत होते. तरी ऑपरेशनच्या कागदावर सही केली... त्या चिमूटभर कापसावर.

ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी, बुधवारी, दादा गेला.

मातीला जिनमधला दुसरा ग्रेडर रफिकभाई आला. मी पुडीत बांधून ठेवलेला तो कापूस दाखवला. त्याने तो उजेडात धरला.

"हे दादानंच ओढलं. टोकाले पीळ द्याची त्याचीच सवय. पण एवढा लांब धागा... यंदा आपल्या जिनात आलाच नाही."

कापूस कुठून आला, कोणी ओढला – आजही मला सांगता येत नाही.

दवाखान्याला एक लाख बेचाळीस हजार दिले, गाडीवाल्याला अठराशे. जिनमालकाने दादाचा पगार वहिनींना दिला, आजारपणाचे आठ दिवस कापून. त्यात तो सोमवारही होता.