थोरलीच्या बागेचं पाणी

इस्त्रीवाली तशी तापट नव्हती हो. तापायची ती तिची इस्त्री. पण त्या सकाळी दुकानात मोबाइल उघडला आणि बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं काय, लेकानं तिचा बागेचा खेळ पुसून टाकला होता. स्वतःच्या मोबाइलमध्ये जागा उरली नाही, म्हणून आईच्यात आपला धडाधड गोळ्यांचा खेळ घातला. विचारलं का? छे!

वर तोंड करून म्हणतो कसा, "तो काय खेळ होता, आई? वांगी लावा, पाणी घाला. ना कोणी मरत, ना कोणी जिंकत. असलं खेळतं कोण?"

"कोण खेळतं? समोरची शिंपीण खेळते, दवाखान्यातली आया खेळते, तुझी सख्खी आत्या खेळते! तुझा मेला सारखा 'पळ, मार, लवकर' करतो. ते माझी गिऱ्हाइकं दिवसभर करतातच की! माझा खेळ गुमान बसून राहतो. इस्त्री तापली की ठेवला, शर्ट झाला की धरला. चुकलं तर हिणवत नाही. आमच्यासारख्यांचा कोणीतरी विचार केला, म्हणून आम्ही तिकडे गेलो. तुमच्या खेळात पाऊल टाकलं की तुम्ही दात काढता!"

पण खरी आग वेगळीच होती. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून तिचं थोरल्या बहिणीशी वाजलं होतं. तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. मग त्या खेळानं काय केलं, मोबाइलमधली नावं बघून थोरलीची बाग हिच्या बागेशेजारी आणून ठेवली. हिनं एकदा गुपचूप तिच्या टोमॅटोंना पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर हिची वांगी भिजलेली! मग रोजचंच झालं. इस्त्री तापेपर्यंत थोरलीकडे पाणी घालायचं. बोलायचं नाही, पण पाणी चुकवायचं नाही.

आता थोरली म्हणणार, बघा, तेवढंही तोडलं बयेनं.

"परत टाकतो ना खेळ," लेक पुटपुटला.

"आणि माझी बाग?"

"ती... नव्यानं लावावी लागेल."

तशी तिनं रागारागानं थोरलीला फोन लावला.

"कोण?" पलीकडून खणखणीत आवाज.

"कोण म्हणजे? आवाज विसरलीस?"

"नाही विसरले. माझे टोमॅटो वाळले, तेही नाही विसरले. सकाळपासून थेंब नाही! एवढी मिजास?"

"अगं, या कार्ट्यानं माझी बागच पुसली!"

थोरलीची तोफ सुटली, "दे त्याला फोन! दे म्हणते ना!"

लेकानं फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी मावशीचा शब्द न् शब्द दुकानभर ऐकू येत होता. इस्त्रीवालीनं शर्टावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री अशी दाबली की वाफच उठली. लेक फोन बंद करायला गेला, तशी ती कडाडली,

"खबरदार ठेवलास तर! माझं अजून भांडून झालं नाही तिच्याशी!"