शौकतचा पट्टा, माझा क्लच

शौकत गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मोपेडचा क्लच उघडून बसलो होतो. त्याची बायको एवढंच म्हणाली, "भावजी, ह्येनी गेलं..." रिसीव्हर ठेवला आणि माझं तेलकट बोट सवयीनं शौकतचाच नंबर लावायला गेलं. असं काही झालं की ज्याला पहिला फोन लावायचा, तोच गेला होता.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं कागलच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात होतो. सुट्टीला त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगारातून आम्ही गुडघ्याएवढ्या उंचीच्या दोन मोटरसायकली बनवल्या. माझ्या गाडीला मोपेडचा क्लच. इंजिन पळालं की आतले शू, म्हणजे ब्रेकला असतात तसले तुकडे, फाकतात, भोवतीचा ड्रम धरतात आणि चाक फिरतं. साधं, दणकट काम. शौकतनं स्कूटरचा पट्टा आणि दोन पुल्या बसवल्या. चढ लागला की पट्टा आपोआप सरकून चाकाचा जोर वाढायचा. त्यावर झाकण मात्र त्यानं कधी लावलं नाही. "झाकल्यावर पट्टा सरकताना दिसनार कसा?" म्हणायचा. महाहट्टी माणूस. कुणाची गाडी भारी, या भांडणात आमचे जेवणाचे डबे उघडायचे राहून जायचे.

शेवटी निकाल लावायला गाड्या टेम्पोत घालून गगनबावड्याच्या घाटाखाली नेल्या. निम्म्या चढावर माझ्या क्लचचा जळका वास सुटला. इंजिन ओरडतंय आणि चाक हलेना. शौकत हात हलवत पुढं गेला... पण धुक्याचं पाणी उघड्या पट्ट्यावर बसलं आणि तोही घसरायला लागला. मी गाडी ढकलत वळणावर पोचलो, तर गडी दगडावर बसलेला.

"तुझा जळला, माझा भिजला. निकाल न्हाय लागला की, लेका."

"कोरड्या दिवसांत परत यायचं," मी म्हणालो.

"व्हय तर. सोडतोय काय तुला?"

मग मी नोकरी सोडून दुकान टाकलं, त्याची बदली झाली, पोरांच्या शाळा... दर हिवाळ्यात 'औंदा जाऊया' म्हणायचो आणि राहून जायचं. आता दिवसभर दुकानात माणसं येतात आणि माझं म्हणणं लगेच कबूल करतात. त्याच्यासारखं भांडणारं कुणी उरलेलं नाही. फार एकटं वाटतं.

परवा वहिनींना विचारून त्याची गाडी घाटात नेली. कोरडं ऊन होतं. पट्टा सरकताना मी वाकून बघत राहिलो. इंजिन एकदाही ओरडलं नाही, गाडी थेट वर पोचली.

"जिंकलास, शौकत," मी मोठ्यानं म्हणालो. तो नक्की काहीतरी खोचक बोलला असता... गाडी बंद करून मी तिथंच ऐकत उभा राहिलो.